पावसाची नोंद नव्हती

काही बिघडलं की ताई आधी खुर्ची मागं सरकवायची, हाताची घडी घालायची आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत म्हणायची, "थांबा बाप्पा! आधी त्याले इचारा, काहून म्हनते."

अमरावतीच्या एका लहानशा ऑफिसात आम्ही जावा या संगणकभाषेत शेतीसल्ल्याचा प्रोग्राम लिहीत होतो. पिकं, माती, पाऊस यांची एकमेकांशी नाती मांडायची, त्यावर नियम लिहायचे आणि मशीननं त्यातून निष्कर्ष काढायचा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. बाकीचे कोड उकरत बसतात आणि ते एकटंच मशीनशी बोलतं. आमच्याकडं ताई होती. बडनेऱ्याहून यायची. बोलणं रोखठोक, कुणाची भीडभाड नाही.

एकदा मशीन अडूनच बसलं. म्हणे, मांडणीत विसंगती आहे. मी जावाला शिव्या घालत होतो. ताईनं मशीनलाच कारण विचारून निष्कर्षाचा माग काढला. धाग्याचं पीक तेलबिया असूच शकत नाही, असं मीच लिहून ठेवलेलं. आणि सरकीचं तेल निघतं म्हणून मशीन कापसाला तेलबियांतही घालत होतं.

"सरकीच्या तेलातली भजी हादडता, अन् हे लिवता?"

ऑफिसभर हशा. मीही हसलो, काय करणार!

ते दिवस वऱ्हाडात वाईट होते. पेरणी हुकली की घर वर्षभर सावरत नसे. ताईची माय धामणगावकडं एकटीनं शेती करायची. प्रोग्रामची चाचणी चालू असताना, जूनमध्ये, तिचा फोन आला.

"पोरी, राती चांगला बरसला. पेरू का?"

ताईनं गावाचं नाव टाकलं. मशीन म्हणालं, गाव कोरडं आहे, थांबा.

"थांब माय, एवढ्यानं भागत नाही."

"बरं. तू म्हनतं त थांबतो."

गावानं पेरलं. मायनं पेरलं नाही. मग झड लागली, काळ्या मातीत पाय ठेवायची सोय राहिली नाही आणि पेरणीचे दिवस निघून गेले. सगळ्यांचा कापूस वर आला आणि मायचं वावर तसंच रिकामं.

ताईनं मशीनला विचारलं, कोरडं काहून म्हटलं? त्यानं सरळ दाखवलं. त्या गावाचा पावसाचा आकडा आलाच नव्हता, आणि नोंद नसेल तर पाऊस नाही, असा नियम होता. नियम ताईनं लिहिलेला. तपासला मी होता. दोघांनाही काही खटकलं नव्हतं.

मी तिला गाडीवर गावाला नेलं. "माय, माह्यं चुकलं," म्हणत ती रडायलाच लागली.

"तुह्यं काय चुकलं व? मीच येडी. म्या तं डोयानं पाऊस पाह्यला होता."

मला तिथं बसवेना. मायनं आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईनं नियम सुधारला. आकडा नसेल तर "सांगता येत नाही" असं मशीन म्हणू लागलं. पण ताईचं बोलणं आटलं. मी समजूत काढायला गेलो, तर म्हणाली, "नियम दुरुस्त झाला. मायनं सोताच्या डोयापेक्षा मले खरं मानलं, त्याले काय करू?"



पुढच्या जूनमध्ये मायचा फोन आला. ताईनं स्पीकर लावला.

"पोरी, मशीन काय म्हनते? पेरू का?"

ताईनं फोन माझ्या हातात कोंबला आणि जिना उतरून गेली. नोकरीवर ती पुन्हा आली नाही.

मी फोन धरून उभा होतो. पलीकडून माय म्हणत होती, "सांग ना व. तू म्हनशीन तसंच करतो."