आधी मुलगी, मग चहा

तिसरा दिवस होता आणि आमचे हे तोंड उघडत नव्हते. पेजेचा चमचा ओठांना लावला की मान फिरवायचे, पेज बनियनमध्ये उतरायची. डॉक्टर म्हणाले होते, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. मुलगी रडत होती. मी यांचे गाल धरून ओरडले, "खायचं नसेल तर मरा एकदाचे!"

हे शांतपणे म्हणाले, "बाई, आवाज खाली. मुलं बसलीत."

दोन वर्षं विसरण्याचा आजार होता. आधी नातेवाइकांची नावं गेली, मग घराचा मजला, मग मी. ते मी गिळलं होतं. पण जेवण? करपलेली भाकरी वाढली तरी "खरपूस झालीये" म्हणून खाणारा माणूस हा.

हे प्राथमिक शाळेत मास्तर होते. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरून सकाळी सहाला निघून चेणे गावाकडच्या शाळेत जायचे. निघण्याआधी मुलीच्या दोन वेण्या घालायचे, कारण मी केस ओढते अशी तिची तक्रार होती. खरी होती.

एखादी मुलगी चार दिवस शाळेत आली नाही की हे तिच्या दारात जाऊन बसायचे. एकदा तिकडच्या बारशाला गेलो होतो, तेव्हा मी स्वतः पाहिलं. मुलीच्या बापाने कप पुढे केला.

"मास्तर, च्या घ्या."

"मुलगी उद्या येणार?"

"न्हाय. धाकट्याला कोन बघल?"

"मग चहा नको."

"पानी तरी घ्या."

"पाणीही नको."

दारात आलेला मास्तर घोटभर पाणी घेत नाही आणि शेजारी बघतायत. बाप चुळबुळत राहिला. शेवटी आतून म्हातारी ओरडली, "पाठव रं तिला! मास्तर हलनारा न्हाय!" बाप हो म्हणाला, तेव्हा यांनी गार झालेला चहा संपवला. परत येताना मी म्हणाले, "किती हट्टी हो तुम्ही." हे म्हणाले, "साखर फार होती."

तर त्या तिसऱ्या दिवशी दुपारी हे मला म्हणाले, "चौथीनंतर मुलीला शाळेतून का काढलंत?" आणि माझी ट्यूब पेटली. हे कुणाच्या तरी दारात बसले होते. पोरीला घरी ठेवणारी आई मी होते.

"उद्या पाठवते, सर," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

अर्धी वाटी पेज गेली.

दुसऱ्या दिवशी तोंड पुन्हा बंद. "कबूल केलंत. आली नाही." खोटं बोलून भागणार नव्हतं. चौथीनंतर शाळेतून काढलेली मुलगी आमच्या घरात एकच होती, ती मी. भावंडं सांभाळायला काढलं होतं. आमच्या दारात कोणी मास्तर येऊन बसला नव्हता. लग्नानंतर यांनी दोनदा विचारलं होतं, सातवीची परीक्षा देतेस का. मी म्हणाले होते, भांडी कोण घासेल?

मी वही घेऊन यांच्यासमोर स्टुलावर बसले. "हजर, सर."

स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली, "आई, हे काय चाललंय?"

"तू पेज आण."

यांनी मला नीट बघितलं. "केस बांधून येत जा," म्हणाले. मग, "तेरा साते?"

"एक्क्याण्णव."

यांनी तोंड उघडलं.

तेव्हापासून तीच पद्धत. उत्तर बरोबर आलं की चमचा. चुकलं की "पुन्हा", आणि पेज निवायची. म्हणून मी पहाटे ओट्याशी उभी राहून पाढे घोकायला लागले. मुलगी मुकाट्याने माझ्या पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घालायची. तीही केस ओढते.

नळी लागली नाही. हे आणखी चौदा महिने जेवले. मी कोण, ते यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. पण एकदा मुलीला म्हणाले, "ही पोरगी उशिरा आली, पण हुशार आहे."

मग गेले. मुलगी तिच्या घरी परत गेली. आता घरात मी असते, रविवारी ती येते. मला एकोणतीसपर्यंतचे पाढे येतात. मागे राहिलो त्या आम्ही दोघी.