बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून

दारातून आत पाऊल टाकलं आणि माझ्या कमरेचा मीटर ओरडायला लागला.

हा मीटर म्हणजे पेजरएवढी डबी. हवेत कार्बन मोनॉक्साइड असला की बोंबलते. या गॅसला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. मीटरवर शून्य दिसायला हवं. आकडा चढत होता.

"सुहास, शूज काढून ये हं," निखिल म्हणाला. "घरात बाळ आहे."



२००५ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी बायको आयटीवाली. तिच्या मागोमाग मी अमेरिकेत हर्नडनला आलो आणि पुण्याच्या मेकॅनिकल डिप्लोमावर हीटिंगच्या एका कंपनीत चिकटलो. आमच्या मित्रमंडळींत हाताला काजळी लावून घरी जाणारा मी एकटाच. त्यामुळे कुणाचाही बॉयलर कुरकुरला की मला फोन. बॉयलर गॅसवर पाणी तापवतो, ते पाणी भिंतीलगतच्या पाइपांतून फिरतं आणि घर उबदार राहतं. निखिलच्या भाड्याच्या घरातला बॉयलर जुनापुराणा होता. निखिलची तक्रार एवढीच, की खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळतंय. ही तक्रार मला मुळीच आवडत नाही. गॅस जळला की वाफ होते, आणि ती धुराड्यातून वर निघून जायला हवी. ती काचांवर दिसली तर समजायचं, धूरही घरातच फिरतोय.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

"वर. गौरी आणि बाळ, दोघं झोपलेत. फार शांत बाळ आहे यार, लकी आहोत आम्ही. दूधसुद्धा उठवून पाजावं लागतं."

"आणि गौरी?"

"डोकं धरून बसते. जागरणं ना!"

"उठव दोघांना. सगळे घराबाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता!"

मी तळघरात धावलो, बॉयलर बंद केला, वर येऊन खिडक्या उघडायला लागलो. हॉलची उघडली. किचनची उघडली. गॅसवर डिंक तळायला ठेवला होता आणि एक्झॉस्ट फॅन घोंघावत होता. तेही दोन्ही बंद केले. परत हॉलमध्ये आलो तर खिडकी लावलेली! पुन्हा उघडली. तेवढ्यात किचनची खाडकन बंद झाली.

गौरीची आई. लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या काकू. हातात झारा.

"अहो, बाहेर बर्फ पडलाय! बाळंतीण आहे घरात. खिडक्या काहून उघडता?"

"काकू, घरात विषारी वायू भरलाय. बाहेर चला."

"सव्वा महिना झाल्याशिवाय माझी लेक उंबरठा ओलांडणार नाही. आणि तान्ह्या बाळाला या थंडीत नेऊ? न्यूमोनिया झाला म्हणजे?"

मी खिडकी उघडायची, त्यांनी लावायची. एरवी मला हसू फुटलं असतं. त्या दिवशी घाम फुटला. निखिल बिचारा मध्ये उभा. सासूबाईंपुढे त्याचा आवाज निघेना. "आई, तो म्हणतोय तर..." एवढंच. मी ९११ला फोन केला, मग बॉसला. बॉसचं नाव फ्रँक. त्यानं एकच विचारलं, "मग तू अजून आत काय करतोयस?"

आत माणसं आहेत, म्हणून आत आहे. दुसरं काय सांगणार?

तेवढ्यात जिन्यावर गौरी आली. बाळ छातीशी धरलेलं, चेहरा पांढराफटक. "आई, मला गरगरतंय गं," म्हणाली आणि पायरीवरच बसली.

काकूंनी झारा टाकला. धावत वर गेल्या, बाळाला घेतलं, त्याच्या तळव्याला टिचकी मारली. "सोन्या. ए सोन्या!" बाळानं डोळे उघडले नाहीत. दुसरी टिचकी. तिसरी. 

मग त्या बाईंनी काय करावं? बाळाला पदरात गुंडाळलं आणि अनवाणी, तशाच साडीवर, आम्हा सगळ्यांच्या आधी दाराबाहेर. बर्फात. निखिल आणि मी गौरीला धरून मागोमाग. माझी व्हॅन दारात होती, हीटर फुल करून तिघींना आत बसवलं. तिघींना म्हणजे काकू, गौरी आणि बाळ. बाळ मुलगा, पण घाबरलेल्या माणसाला कसलं व्याकरण!

अँब्युलन्सचा सायरन ऐकू आला आणि त्याच वेळी बाळानं टाहो फोडला. मी व्हॅनला टेकून ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात?

ऑक्सिजन दिला, रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं. सगळे सुखरूप. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

कारण मला फायर ब्रिगेडच्या माणसांबरोबर तळघरात सापडलं. बॉयलरच्या खोलीच्या भिंतीला बाहेरची हवा आत यायला एक जाळी असते. आग नीट जळायला हवा लागते, म्हणून. त्या जाळीत टॉवेल कोंबलेला, त्यावर गोधडीचा तुकडा आणि चारी बाजूंनी पॅकिंग टेप. आमच्या कंपनीत कुणी इतकं नीट सील करत नाही. त्यात वरचा एक्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर ओढत होता. नवी हवा यायला वाट नाही, मग ती धुराड्यातूनच उलटी खाली यायची, धुरासकट. घरात धुराचा आणि या गॅसचा अलार्म होता. पण बाळाला ओव्याची धुरी दिली की तो किंचाळायचा, म्हणून निखिलनं काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

पुढच्या आठवड्यात घरमालकानं नवा बॉयलर घेतला. हा स्वतःच्या पाइपातून थेट बाहेरची हवा घेतो, घरातल्या हवेशी त्याचा संबंध नाही. तो बसवत होतो तेव्हा काकू तळघराच्या पायरीवर येऊन बसल्या. गौरी म्हणाली होती, आई हॉस्पिटलातून आल्यापासून बाळाला हातही लावत नाही.

"ते भोक मीच बुजवलं ना?" काकूंनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो काकू. आणि अलार्म तुमच्या जावयानं काढला."

"पोरीला वारा लागू नये म्हणून केलं हो. माझ्या आईनं माझं बाळंतपण असंच केलं होतं."

"तुमच्या आईच्या घरात बॉयलर नव्हता."

 काकूंचे डोळे भरून आले. वरून गौरी उतरली, काही न विचारता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, धर याला, मला भूक लागलीय." आणि गेली. काकूंचे हात आधी तसेच राहिले. मग त्यांनी त्याला उचलून असं घट्ट धरलं, की मी पाना घेऊन उगाचच एक घट्ट बसलेला नट पुन्हा आवळत बसलो.

आता नवं बाळ आलेल्या आपल्या लोकांच्या घरी गेलो, की मी आधी बॉयलर बघत नाही. आधी आजींना नमस्कार करतो आणि विचारतो, वारा कुठून येत होता, आणि तुम्ही तो कशानं बंद केलात?