धुरपाची वाक्यं

"ओढणी पसर," बाई म्हणल्या.

मी पसरली. नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा मराठीचा तास. समोर पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी होती, तालमीपुरती ती मालकीण. तिच्या हातात तिच्याच डब्यातली अर्धी पोळी, एका कडेला दात लागलेले. बाईंनी खूण केली अन् तिनं ती पोळी वरून सोडली. तिचा हात माझ्या ओढणीला लागू नये इतक्या वरून. हे बाईंनीच शिकवलं होतं, कारण पुस्तकात तसंच लिहिलंय.

वर्ग हसला. बाई हसल्या नायत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आता खा," त्या म्हणल्या. "धुरपा उभ्यानंच खाते. खा आणि मग वाक्य घे."

मी खाल्ली. लोणच्याचं तेल लागलेली, दुसऱ्याच्या थुंकीनं ओली झालेली पोळी. घास पुरता गिळायच्या आत वाक्य म्हणलं, "धनीनबाईच्या हातचं शिळं बी अमृत हाय जी."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. वर्गाकडं वळून म्हणल्या, "बघा, हिच्या तोंडी कसं अस्सल वाटतं."

तेव्हा मला ती शाबासकी वाटली. आज अस्सल हा शब्द आठवला की चूळ भरावीशी वाटते.

पुस्तकाचं नाव मी सांगत नाय. सांगितलं की निम्मे लोक त्याच्या बाजूनं भांडायला उठतील अन् माझं कुणी ऐकणार नाय. एका मोठ्या घराण्याची जाडजूड कादंबरी आहे. लई गाजलेली. लग्नात आहेर म्हणून देतात. ज्यांनी वाचली नाय तेपण म्हणतात, काय सांगू, डोळ्यांत पाणी येतं. त्यात मालक आहेत, मालकीण आहे, त्यांचं दुःख, त्यांचे दागिने, त्यांचे सणवार. अन् अंगणात धुरपा. धुरपा शेण काढते, लाकडं फोडते, बाळंतपणात राबते, पण उंबऱ्याच्या आत येत नाय. तिला वरून उष्टी भाकरी टाकतात, ती पदरात झेलते, उभ्यानं खाते अन् त्या घराला दुवा देते. बाईंना हाच उतारा सगळ्यात आवडायचा. स्नेहसंमेलनात त्याचं अभिवाचन ठेवलं होतं. म्हणजे पुस्तक हातात धरून, थोडा अभिनय करत वाचायचं.

धुरपा कोण करणार, हे बाईंनी विचारलंच नाय. समाजकल्याणच्या स्कॉलरशिपच्या मुलींना उभं करताना त्यांची नजर जशी फिरायची तशी फिरली अन् माझ्यावर थांबली.

"तू मुकुंदवाडीची ना? तू कर."

मुकुंदवाडीत सगळ्या जातीचे लोक राहतात. बाईंना काय म्हणायचं होतं ते वर्गाला कळलं अन् मलापण.

गंमत पुढंच आहे. पहिल्या तालमीला मी आमच्या बोलीत वाचलं. घरात बोलतो तसं, लई अन् व्हय अन् नाय. बाई वैतागल्या. "तसं नको गं. जरा गावंढळ काढ. जी म्हण, जी." आता आमच्यात जी कुणीच म्हणत नाय. ते तिकडं नागपूरकडं. धनीनबाई तर मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलं नाय, ना गावाकडं ना इथं. लेखकानं धुरपाचं तोंड एका जिल्ह्यातून आणलं, जीभ दुसऱ्या जिल्ह्यातून, अन् ती माझ्या तोंडात बसवायला बाई रोज घाम गाळत होत्या. माझी खरी बोली खोडून खोडून त्यांनी मला अस्सल केलं.

पोळीच्या दिवशी घरी आले. माय भाकरी थापत होती. माय तेव्हा गारखेड्यात धुण्याभांड्याची कामं करायची. माझं तोंड बघून म्हणली, काय झालं. मी सगळं सांगितलं. मायचा हात पिठातच थांबला.

"तू खाल्लंस?"

"बाई म्हणल्या."

"मी चार घरचे भांडे घासते," माय म्हणली, "पण कुणाचं उष्टं आजवर या घरात आणलं नाय. द्यायला येतात पुढं पुढं. मी डबा तिथंच ठेवून येते. अन् तू शाळेत जाऊन खाल्लंस? बाई म्हणली तर म्हणली, तुझं तोंड कुठं गेलतं?"

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "चूळ भर."

मी भरली. रडत रडत. पण उद्यापासून धुरपा करत नाय, असं बाईंना सांगायची माझी छाती झाली नाय. मराठीचे मार्क बाईंच्या हातात होते अन् मला दहावीला चांगल्या तुकडीत जायचं होतं. संमेलनात मी धुरपा केली. माय आली नाय. मला पहिलं बक्षीस मिळालं, अन् बक्षीस म्हणून काय दिलं? तेच पुस्तक. शाळा सुटेपर्यंत पोरी मला धुरपाच म्हणायच्या. ए धुरपा, डबा खायला ये.

त्या पुस्तकाचा मी इतका राग केला की ते पूर्ण वाचलं. मग पुन्हा वाचलं. कुठंतरी एका पानावर तरी धुरपा तोंड उघडंल, असं वाटायचं. नाय उघडत ती. शेवटी ती मालकिणीच्या चितेकडं लांबून बघत हात जोडते अन् पुढच्या जन्मी याच अंगणात येऊ दे म्हणून देवाला सांगते. इथं लोक ढसाढसा रडतात म्हणे.

आता मी गारखेड्यातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लघवीच्या बाटल्या, शौचाच्या डब्या, टीबीच्या पेशंटची थुंकी. लोक विचारतात, तुला किळस येत नाय का? नाय येत. आजारी माणसाचं असतं ते, त्यात घाण वाटण्यासारखं काय आहे? हातमोजे घालायचे अन् काम करायचं. भाकरीच्या त्या पानाची मात्र येते. अजून येते.

वाचायचं वेड मात्र लागलं ते लागलंच. औरंगपुऱ्यातून जुनी पुस्तकं आणायची, लॅबमध्ये गर्दी नसली की वाचायची. माधुरीताई तिथंच भेटल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, थायरॉइडचा रिपोर्ट न्यायला आलेल्या. माझ्या टेबलावर कादंबरी बघून म्हणल्या, "अगंबाई, तू वाचतेस? मग ये ना आमच्या वाचनकट्ट्यावर." त्यातलं 'तू' मी सोडून दिलं अन् गेले. महिन्यातून एक रविवार, सकाळी, ताईंच्या हॉलमध्ये. दहाबारा माणसं, चहा, गरम कचोरी. आडनाव विचारलं पहिल्याच दिवशी, पण गोड आवाजात. मला तिथं आवडायचं, खोटं कशाला बोलू. आपण वाचलेलं कुणाला तरी सांगायचं, इतकं साधं सुख मला दुसरीकडं कुठं नव्हतं. ते टिकावं म्हणून मी तिथं जपून बोलायचे. नाय ऐवजी नाही म्हणायचे.

मागच्या महिन्यात विषय होता, गाजलेलं पण मला अजिबात न आवडलेलं पुस्तक.

लई मजा आली सुरुवातीला. एक डॉक्टरबाई म्हणल्या, अमक्या कादंबरीतला नायक पानोपानी रडतो, मी कंटाळून अर्ध्यात सोडली. सगळे हसले. उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या नसीमआपा म्हणल्या, एका ऐतिहासिक कादंबरीत मुसलमान आला की आधी त्याचे डोळे लाल होतात, मग तो बोलतो. त्यालाही सगळे हसले. मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. तेही मान डोलवत होते. "वाचकाला नावडण्याचा पूर्ण हक्क आहे," असं म्हणले. हे वाक्य त्यांचंच.

माझी पाळी आली. मी पिशवीतून बक्षिसाचं पुस्तक काढलं.

"मला हे आवडत नाय," मी म्हणले. नाय असंच बाहेर पडलं. "किळस येते याची. धुरपाला पोरं आहेत का, असली तर त्यांची नावं काय, ती झोपते कुठं, लेखकाला काहीच माहीत नाय. त्याला तिच्याकडून फक्त दुवा पायजे. उष्टं खायचं अन् दुवा द्यायची. अन् वाचणाऱ्यानं त्यावर डोळे पुसायचे."

सरांनी चष्मा काढला. "अभिजात कृती वाचायला एक अंतर लागतं. तुम्ही पुन्हा एकदा शांतपणे वाचा."

"लई वेळा वाचलंय सर. पाठ आहे."

"मग असं बघा. त्या काळात तुमच्या लोकांवर इतक्या प्रेमानं लिहिलं कोणी?"

तुमच्या लोकांवर. डॉक्टरबाईंनी अर्ध्यात सोडलं होतं, ते चाललं. मला पाठ होतं, ते चालेना. त्यांना विचारलं, का आवडलं नाही. मला विचारलं, नीट वाचलंत का. वाटलं, उठावं अन् निघून जावं. पण मग हा रविवार कायमचा गेला असता, अन् त्यांना वाटलं असतं, रागावली बिचारी.

माधुरीताई सावरायला गेल्या. सावरायलाच, वाईट मनानं नाय. म्हणल्या, "अगं, राग आहे ना? तो आवाजात येऊ दे. पुढच्या महिन्यात कट्ट्याचा वर्धापनदिन आहे, आपण याच कादंबरीचं अभिवाचन करतोय. मी मालकीण वाचणार. धुरपा तूच कर. तुझा उच्चार किती अस्सल आहे."

बघा. शाळा सोडून इतकी वर्षं झाली. शिकले, नोकरी लागली, माझ्या सहीशिवाय लॅबमधून रिपोर्ट बाहेर पडत नाय. तिथं मी वाचक म्हणून बसले होते, त्यांच्यासारख्याच खुर्चीवर. अन् ताईंनी हसत हसत मला उचललं अन् त्या अंगणात नेऊन उभं केलं.

"ताई, धुरपा तुम्ही वाचा," मी म्हणले. "मालकीण मी वाचते."

लोक हसले. ताईपण. "मला कुठली ती भाषा जमायला."

"मी शिकवते. जी म्हणायचं, बाकी सोपंय. उभ्या राहा. पदर पसरा."

गंमत वाटून त्या उभ्या राहिल्या. साडीचा पदर दोन्ही हातांनी धरला. मी माझ्या बशीतली कचोरी उचलली, एक घास खाल्ला अन् उरलेली त्यांच्या पदरावर धरली. वरून. लांबून.

"शी," माधुरीताई म्हणल्या. पदर ओढून मागं सरकल्या. "उष्टी आहे ती."

"व्हय," मी म्हणले. "पुस्तकात तसंच आहे."

शी. एवढंच तर मला नववीत म्हणायचं होतं. अख्ख्या कादंबरीत धुरपा हे एकदा म्हणत नाय, अन् त्याला हे लोक करुणा म्हणतात. ताईंना मात्र कुणी शिकवावं लागलं नाय, पदरात पडायच्या आधीच तोंडातून आलं. मला त्यांचा राग आला नाय. माणसाला उष्ट्याची किळस येणारच. फक्त आम्हाला ती येत नसंल, असं यांनी ठरवून टाकलंय, अन् त्याची शिसारी मला नववीतल्या त्या पोळीपेक्षा जास्त आली. मी कचोरी बशीत ठेवली.

"हा अतिरेक आहे," सर म्हणले. "चांगल्या सकाळचा विचका केलात तुम्ही."

मी पुस्तक पिशवीत टाकलं अन् उठले. नसीमआपा माझ्या मागून जिना उतरल्या. चपला घालता घालता म्हणल्या, "मेरेकू भी हर बार बेगमच देते ये लोगां. आदाब करो, रोओ, मरो."

"फिर आप करते क्यूँ?"

"अब क्या करना, बोल. उतने के वास्तेच बुलाते," त्या म्हणल्या, अन् रिक्षाला हात केला.

संध्याकाळी कट्ट्याच्या ग्रुपवर ताईंचा मेसेज आला. "झालं गेलं विसरू या. मन मोठं करावं. रविवारी तालीम आहे. धुरपासाठी आम्ही तुझीच वाट बघतोय." खाली फुलं अन् जोडलेले हात. म्हणजे उष्टं तुम्ही टाकणार अन् मन मोठं मी करायचं. मी तो मेसेज दोनदा वाचला. मग उत्तर लिहिलं, अन् या वेळी माझ्याच भाषेत लिहिलं.

"धुरपा मी वाचणार नाय. तुम्ही वाचायची तर वाचा. कार्यक्रमाला मी येणार, पहिल्या रांगेत बसणार. धुरपाच्या पदरात भाकरी पडली की मी उभी राहणार अन् या पुस्तकाची मला किळस का येते ते सगळ्यांसमोर सांगणार. माईक दिला तर माईकवर. नाय दिला तर माझा आवाज मोठा आहे."

सरांनी लिहिलं, "हे शोभत नाही." मला ग्रुपमधून अजून काढलेलं नाय. काढलं तरी कार्यक्रमाचा हॉल सगळ्यांना खुला आहे, निमंत्रणावर तसं छापलंय. कार्यक्रम शनिवारी आहे. लॅबमध्ये त्या दिवसाची माझी सुट्टी मंजूर झालीय.