कुवेतच्या मे महिन्यातले तीन गार दिवस आणि चौथी सकाळ

मेअखेरीस कुवेतला चाललोय म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने आम्हाला वेड्यात काढलं. पण मी शाळेत शिकवते, मला सुट्टी मिळते ती मेमध्येच. बाबांना धाकट्या मुलाचा संसार एकदा डोळ्यांनी बघायचा होता. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेतात. त्यातली एक शरीरातलं पाणी कमी करणारी, म्हणून डॉक्टरांनी उन्हाबद्दल दोनदा बजावलं होतं. माझा भाऊ निखिल बारा वर्षं तिकडे अकाउंट्समध्ये आहे. तो फोनवर म्हणाला, या, पण दिवसा एकट्याने बाहेर पडायचं नाही एवढं कबूल करा. बाबांनी कबूल केलं.

मुंबईहून थेट विमानाने साधारण चार तास. आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास मागे, त्यामुळे पहिले काही दिवस भल्या पहाटे जाग येते. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताना मी श्वास रोखून धरला होता. भट्टीचं झाकण उघडल्यासारखं होतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तोंडावर आला तो गार वारा. निखिलच्या गाडीत तापमान दिसत होतं चोवीस. निघताना नाशिकला चाळीस होतं. बाबांनी लगेच शेजारच्या काकांना फोन लावला आणि तुम्ही तिथे भाजताय, आम्ही इथे गारठतोय, असं मोठ्याने सांगितलं.

निखिल मात्र हसला नाही. बारा वर्षांत असा मे पाहिला नाही म्हणाला. या दिवसांत वादळं येतात, एखादा दिवस बरा जातो, पण सकाळी गाडीच्या काचा खाली करून एसी बंद ठेवायची वेळ कधी आली नव्हती. एगैला या उपनगरातल्या त्याच्या घरी पल्लवीने, माझ्या भावजयीने, स्वेटर काढून ठेवले होते. मला ते पाहून उगाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी मुबारकियाच्या जुन्या बाजारात गेलो. एरवी या महिन्यात दुपारी तिथे माणूस दिसत नाही, आज पाय ठेवायला जागा नव्हती. भाजलेला मासा, गरम खुब्ज म्हणजे तिथली रोटी, आणि लिंबू पिळलेली कोशिंबीर, पाच जणांना नऊ दिनार. रुपयांत हिशेब करू नका, घास उतरणार नाही. खजूरवाल्याने निखिलला हिंदीत सांगितलं की लोक खूश आहेत, पण त्याच्या गावचे म्हातारे अशा हवेला घाबरतात. का घाबरतात ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दस्मानचा समुद्रकिनारा. बाबा हात मागे बांधून लांबवर चालले. मी बाकावर बसून नाशिकच्या गारव्याशी याची तुलना करत होते. आमच्याकडे दिवसभर कितीही तापलं तरी संध्याकाळी वारा सुटणार हे माहीत असतं. तो झाडांतून येतो, ओल्या मातीचा वास घेऊन येतो आणि सांगून येतो. मुंबईत गारवा नसतोच, पण तिथला घामही ओळखीचा असतो. इथला गारवा कुठून आला होता कळत नव्हतं. त्याला वास नव्हता. समुद्रापलीकडे आभाळाची कड मळक्या पिवळ्या रंगाची झाली होती. माझी दहा वर्षांची भाची इरा तिकडे बघत म्हणाली, "आत्या, आय डोन्ट लाइक इट." आम्ही लवकर घरी परतलो.

चौथ्या दिवशी निखिल ऑफिसला गेला, इरा शाळेत. साडेआठला मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर बाबांच्या चपला दारात नव्हत्या. फोन टेबलावर होता, पाण्याची बाटलीही. गार हवा बघून पाय मोकळे करायला गेले असतील, येतीलच, असं पल्लवी म्हणाली. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मग खिडकीतला उजेड नारिंगी झाला आणि समोरची इमारत दिसेनाशी झाली.

आम्ही दोघी गाडीने निघालो. पुढच्या गाडीचा दिवाही दिसायचा नाही. तोंडाला ओढणी बांधूनही दातांत वाळू कचकचत होती. एगैलातल्या इमारती मला आधीच एकसारख्या वाटत होत्या, आता तर सगळ्या एकाच मातीच्या झाल्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून मी खाली उतरायची आणि "बाबा" म्हणून हाक मारायची. वारा ती हाक तोंडातच परत कोंबायचा. पुढे मोठा हायवे आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं. आम्ही त्याचं नाव काढलं नाही. निखिलचे फोन येत होते. तो निघाला होता, पण रस्त्यात अडकला होता.

साडेदहाला वारा पडला आणि धूळ खाली बसायला लागली. मला वाटलं, सुटलो. पण मागून जे ऊन आलं ते तीन दिवसांची कसर भरून काढायला आल्यासारखं होतं. गाडीतला आकडा एकतीसवरून चढत बेचाळीसवर गेला. पल्लवी आकड्याकडे बघायची आणि नजर वळवायची. बाबांनी सकाळी घेतलेली ती पाणी कमी करणारी गोळीच माझ्या डोक्यात फिरत होती.

तेवढ्यात पल्लवीच्या फोनवर मराठी मंडळाच्या ग्रुपमधून कुणीतरी पुढे पाठवलेला व्हॉइस मेसेज आला. एक माणूस सांगत होता की नाशिकचे एक आजोबा माझ्या दुकानात हायत, घर सांगता येत नाय, कुणाचे असतील त्यांनी यावं. खाली पत्ता होता. आमच्या घरापासून चार गल्ल्या.

छोटंसं बकाला होतं, म्हणजे आपलं किराणा दुकान. पाण्याच्या खोक्यांच्या मधोमध बाबा जमिनीवर पुठ्ठ्यावर आडवे होते, कपाळावर ओला टॉवेल. दुकानदार युसूफभाई श्रीवर्धनचे, साठीचे. बाबा फुटपाथवर बसलेले त्यांना दिसले होते. हिंदीत विचारलं तर बाबांनी उत्तर दिलं नाही, मराठीत विचारल्यावर नाशिकच्या घराचा पत्ता सांगितला.

"ताई, घाबरू नका," ते म्हणाले. "ताकात मीठ घालून थोडं थोडं दिलंय. पन आता डॉक्टरकडे न्या. ते मला मघापासून त्यांचा भाऊ समजतायत."

बाबांना भाऊ नव्हता. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "आपण कोण?"

आम्ही दोघींनी त्यांना धरून गाडीत बसवलं.

दवाखान्यात त्यांना दोन बाटल्या सलाईन चढवलं. संध्याकाळी पाच वाजता त्यांनी मला नावाने हाक मारली आणि चहा मागितला. तोवर येऊन पोचलेला निखिल कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. उरलेले सहा दिवस बाहेर पंचेचाळीसच्या वर होतं. आम्ही पडदे ओढून पत्ते खेळलो. निघायच्या आधी युसूफभाईंना भेटलो. बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. आणि मेमध्ये तिथे गार वारा भेटला तर त्याच्यावर विसंबू नका. उकाड्यात माणूस जपून वागतो, गारव्यात विसरतो.

आता नाशिकला येऊन तीन आठवडे झाले. बाबा बरे आहेत, सगळ्यांना कुवेतच्या गमती सांगतात. त्या सकाळबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, "रस्ता चुकल्याची भीती नव्हती वाटली गं. कुठे जायचंय तेच आठवेना, त्याची वाटली."

पूर्वी त्यांना फिरायला सोबत आवडायची नाही. आता संध्याकाळी ते चपला घालून दारात उभे राहतात, वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे. मी आवरून येईपर्यंत त्याचं पान उलटत नाही.