नेटवर न्हाई, म्हंजे न्हाईच का?

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या डॉक्टर लोकांना एकट्या माणसानं अडाणी ठरवलं असेल, तर ते आमच्या मेडिकल कॉलेजचे ग्रंथपाल चाचा. कॉलेजात नेट आलं तेव्हा आम्ही प्राध्यापक मंडळी हुरळून गेलो. दोन शब्द टाकायचे, पहिली तीन उत्तरं छापून घ्यायची आणि वाचायची पुढच्या रविवारी, असा आमचा व्यासंग. चाचा मात्र आधी प्रश्न साध्या मराठीत मोठ्यानं बोलायला लावायचे. त्या परीक्षेत कान-नाक-घशाचे विभागप्रमुख असे घामाघूम झाले की पुन्हा लायब्ररीकडे फिरकले नाहीत. मी पहिल्या पानावर थांबलो की चाचा हळहळायचे, "वांगी घेताना वरचीच चार उचलता का डॉक्टरसाब? खालची बी उलथून बघा की!"

त्या साली माझं प्रमोशन एका शोधनिबंधावर अडलं होतं. विषय झकास होता: भूकंपातून वाचलेल्या बायकांची झोप. मी सगळं नेट धुंडाळलं, म्हणजे पहिलं पान. जपान सापडला, तुर्कस्तान सापडला, आपल्याकडचं काहीच नाही. लगेच ठोकून दिलं, 'या भागात असा अभ्यास प्रथमच होत आहे.' चाचांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "नेटवर न्हाई, म्हंजे न्हाईच का?" म्हणत ते आतल्या खोलीत गेले आणि एक जाडजूड प्रबंध झटकत घेऊन आले. विषय तोच. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचा. दुसऱ्या पानावर दाखला: 'हे काम माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले.' खाली सही माझी, चांगली लफ्फेदार! सही केली होती, वाचलं एक अक्षर नव्हतं.

"लई मनापासून लिवलंय पोरीनं," चाचा म्हणाले. "पत्र्याच्या शेडात बायांपाशी बसून."

मग मी तिथंच बसून प्रबंध वाचला. उशाशी भिंत नको म्हणून अंगणात झोपणाऱ्या बाया, भर पावसातही दार उघडं ठेवणाऱ्या. जपानच्या निबंधात यातलं काही नव्हतं. पोरगी आता डॉक्टरकी सोडून लातुरात कोचिंग क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवत होती. चाचांनीच नंबर शोधून दिला. प्रमोशन गेलं खड्ड्यात, निबंध तुझ्याच नावानं पाठवू, असं मी तिला फोनवर सांगितलं. नावाचं तिनं काही विचारलंच नाही. हळूच म्हणाली, "सर, तुम्ही वाचलात माझा प्रबंध?"

समोर चाचा पेपरात तोंड घालून बसले होते.

"आज वाचला गं," मी म्हणालो. लाजेनं मान वर होईना.