सुईवर आलेला आळ

महादेवी सिस्टर गेल्या, हे त्यांच्या लेकीने, रेखाने फोनवर सांगितलं. "काका, आई गेली... झोपेतच." जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये मी राहतो. सिस्टरांचं घर तिथून रिक्षाने जवळच. तरी गेली काही वर्षं मी त्यांच्याकडे जात नव्हतो. कुणी विचारलं तर गुडघ्यांचं कारण पुढे करायचो. काही दिवसांनी कॉलनीच्या सभागृहात शोकसभा झाली. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "सुईमुळे स्वतःचं मूल पोटात गेलं, तरी बाईंनी सुईची साथ सोडली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी माझी नातसून पूजा बसली होती. तिला पाचवा महिना. तिचा हात नकळत पोटावर गेलेला मी पाहिला. घरी आल्यावर ताट वाढता वाढता तिने विचारलं, "आजोबा, पुढच्या आठवड्यात माझी धनुर्वाताची सुई आहे. सिस्टरांचं खरंच तसं झालं होतं का हो? नसेल घ्यायची तर आत्ताच सांगा." मी हातातला घास ताटात ठेवला.

नाही, तसं झालं नव्हतं. आणि हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

अक्कलकोट भागातल्या एका आरोग्य केंद्रावर मी जीपचा ड्रायव्हर होतो, तोही तात्पुरता. सिस्टर माझ्याहून लहान. लिंगायत घरातल्या, घरी कानडी बोलणाऱ्या; आमच्याशी बोलताना त्यांच्या मराठीला कानडी हेल असायचा. मला अण्णा म्हणायच्या. लसीची पेटी त्या कधी मागे ठेवत नसत, मांडीवर घेऊन बसत. त्या काळात गावोगाव एकच बोलणं होतं : ही सुई पोरं बंद करायची आहे. गरोदर बाया जीप दिसली की दार लावून घेत. सिस्टर ओट्यावर बसून आत ऐकू जाईल अशा आवाजात गप्पा सुरू करत. एकदा एका सासूने त्यांना अडवलं, "आवं, सुई टोचली तर पोटातल्या लेकराला लागंल की!" सिस्टर म्हणाल्या, "आत्याबाई, लेकरू पोटात, सुई दंडात. माझी सुई काय वळसंग गावापातूर लांब हाय व्हय?" दाराआडून हसू आलं आणि दार थोडं उघडलं. मग त्यांनी आवाज उतरवला. "ज्वारी पेरायच्या आधी बियाला गंधक चोळताय न्हवं? कशाला चोळताय?" सासू म्हणाली, "काणी पडू नये म्हणून. दाण्याची काळी भुकटी हुती की." "आन् कणसात काणी दिसल्यावर चोळलं तर?" "मग काय उपेग?" "तसंच हाय हे. नाळ कापताना धनुर्वात शिरला तर लेकराला वाचवायचं लई अवघड. आधी आईला सुई दिली, तर आईच्या अंगातली ताकद लेकराला मिळती." मी जीपला टेकून ऐकत होतो. इतकी वर्षं बियाला गंधक चोळलेला माणूस मी, पण ही गोष्ट मलाही तेव्हाच कळली.

त्या स्वतः पाच महिन्यांच्या गरोदर असताना एका गावात एकही बाई पुढे येईना. सिस्टरांनी पदर सावरला, दंड मोकळा केला आणि डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या, "आधी मला द्या. सगळ्यांसमोर द्या." मग एकामागून एक बाया आल्या. दुपारी डॉक्टर मोटरसायकलवर पुढे गेले. आम्ही जीपने निघालो. मैंदर्गीला माझी सासुरवाड. तिथून तुरीचं पोतं उचलायचं माझ्या मनात होतं. सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, तो रस्ता लई वाईट हाय. आज नको." मी म्हणालो, "तुम्ही गप बसा हो, झटक्यात जाऊन येऊ." आणि जीप वळवली. एका बैलगाडीला वाट देताना चाक कडेच्या चरीत गेलं, जीप कलंडली आणि सिस्टर समोरच्या लोखंडावर पोटावरच आपटल्या. पेटी त्यांनी तेव्हाही सोडली नव्हती. जीप सरळ करून मी त्यांना घरी सोडलं. "काही नाही, बरं आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना सोलापुरात मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. मूल पोटातच गेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर विचारलं, "कुठे आपटलात का?" मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. येतानाच मी त्यांच्या हातापाया पडलो होतो, सिस्टर, माझी नोकरी जाईल म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "नाही." बाई गेल्यावर मी रडायला लागलो, तर हळूच म्हणाल्या, "होगली बिडरी, अण्णा." जाऊ द्या.

पण गावाने ते जाऊ दिलं नाही. सिस्टरांनी सुई घेतली आणि त्यांचं पोट पडलं, एवढंच गावाला दिसलं. पुढच्या महिन्यात, जिथे सुई द्यायची ते समाजमंदिर रिकामं. सिस्टर पुन्हा दारोदार फिरू लागल्या. त्या गावात कस्तुरा नावाची पहिलटकरीण होती. तिने तोंडावरच विचारलं, "सुईनं न्हाय, तर मग कशानं गेलं तुमचं? सांगा की!" मी जीपमध्ये होतो, हात स्टिअरिंगवर. सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "सुईनं न्हाय गेलं, कस्तुरा. माझ्यावर इस्वास ठेव," एवढंच त्या म्हणाल्या. कस्तुराने दार लावलं. ती घरीच बाळंत झाली. काही दिवसांत तिच्या बाळाचा जबडा आवळला, छातीला लागेना. मीच त्यांना जीपने सोलापूरला आणलं. बाळ वाचलं नाही. परतताना सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, आता तरी बोलाल का?" मी म्हणालो, "बोलतो..."

बोललो नाही. पुढे नोकरीत कायम झालो, मुलं शिकली, निवृत्त झालो. गावाचा विश्वास सिस्टरांनी एकटीने परत मिळवला. रेखाच्या वेळी त्यांनी त्याच गावात, त्याच बायांसमोर पुन्हा सुई घेतली, आणि रेखाला घेऊन सगळ्यांत आधी त्या कस्तुराच्या दारी गेल्या. पुढच्या खेपेला कस्तुरा आपणहून सुई घ्यायला आली. मला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दिवाळीला फराळ पाठवत राहिल्या. तो फराळ मी खात होतो.

पूजाला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. मग रेखाकडे गेलो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, मुलगा होता की मुलगी?" मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. रेखा उठून खिडकीशी गेली. तिकडे तोंड करून म्हणाली, "हे मला एकटीला सांगून काय होणार? शोकसभेत माना डोलावणाऱ्या सगळ्यांना सांगा." तिने मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. ते तिने ठरवायचं. पण तिने सांगितलं म्हणूनच हे सगळ्यांसाठी लिहितो आहे.

परवा पूजाबरोबर मी दवाखान्यात गेलो. तिने स्वतःच दंड पुढे केला. नर्सने सुई दिली आणि म्हणाली, "थोडा वेळ बाहेर बसा, मग जा." पूजा म्हणाली, "आजोबा, ऊन वाढतंय. तुम्ही रिक्षाने पुढे व्हा, मी येते." सिस्टर सुई दिल्यावर कधी लगेच उठत नसत. त्याच घरात चहा मागून घ्यायच्या आणि तो फुंकून फुंकून, उगाच लांबवत प्यायच्या. त्या बाईचं अंग तापतंय का, चक्कर येते का, सगळं बघून मगच कप खाली ठेवायच्या. घाई करून मी हॉर्न वाजवला की दारातूनच म्हणायच्या, "अण्णा, सुई देऊन पळणाऱ्या बाईवर कोण इस्वास ठेवंल?" मला तेव्हा त्या चहाचा फार राग यायचा.

"तू बस," मी पूजाला म्हणालो. समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि तिच्या शेजारी बाकावर बसून राहिलो.