एकाच आगीचे दोन रोगी

शेख चांदला बेड्या घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा त्याने आधी जमादाराच्या चिलमीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि मग मला सलाम केला.

"पाहा डाक्टरसाहेब, हा असाच करते," जमादार म्हणाला. "काल कचेरीच्या दप्तरावर घागर रिकामी केली. येडा आहे म्हनून लिहून द्या. येड्याइच्या तुरुंगात धाडून देतो."

मी तेव्हा अमरावतीत नेटिव्ह डॉक्टर होतो. म्हणजे रोगी मी तपासायचे, कागद मी लिहायचे आणि सही सर्जनसाहेबांनी करायची. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, त्यामुळे वऱ्हाडच्या कापसावर सगळे तुटून पडले होते. चांद एका गोऱ्या एजंटाच्या आवारात रुईच्या गाठी बांधायचा. वैशाखात त्या आवाराला आग लागली. चांदचा जोडीदार गफूर आतच राहिला. तेव्हापासून चांदला जिथे तिथे धुराचा वास येई. झोप उडाली होती. हातात सदा पाणी.

त्याची बायको मेहरूनबी दारात उभी होती.

"तो येडा नाई, साब. त्याले भेव वाटते. भेव वाटनाऱ्याले बेडी काहून घालता?"

अडचण अशी की त्याच आठवड्यात हाच रोग मी गोऱ्या एजंटाच्या बंगल्यावर पाहिला होता. आवाराचे मालक एजंटसाहेब त्याच आगीतून वाचले होते. त्यांनी जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या चिरुटांवर सूप ओतलं. त्यांना कोणी बेडी घातली नाही. उलट पाहुण्यांनीच चिरूट पेटवल्याबद्दल माफी मागितली.

मी सर्जनसाहेबांना विचारलं, "सर, एजंटसाहेबांना काय झालंय?"

"नर्व्हज थकल्यात. चिखलदऱ्याची हवा पाहिजे."

"आणि शेख चांदला?"

"वेड."

"लक्षणं तीच आहेत, सर."

"नेटिव्हाला नर्व्हज कुठून असणार?" साहेबांनी मला प्रेमाने समजावलं.

नर्व्हज म्हणजे मज्जातंतू. शिकताना प्रेतं फाडून ते मी स्वतः पाहिले होते. सगळी प्रेतं नेटिव्हांची होती.

मी परत येऊन दोन सर्टिफिकेटं लिहिली. मजकूर अक्षरशः एकच, फक्त नाव वेगळं. साहेब शिकारीला निघाले होते. त्यांनी घोड्यावर बसूनच दोन्हींवर सह्या केल्या.

कारकुनाकडून कागद वाचून घेऊन जमादार धावत आला.

"याले चिखलदऱ्याले न्या म्हनते यात! जेवल्यावर पोर्ट वाइन एकच ग्लास. बिलियर्ड बंद. हा बिलियर्ड खेळत होता काय?"

"आता बंद," मी म्हणालो.

सही साहेबाची होती. बेडी निघाली.

एजंटसाहेबांसोबत मलाच पाठवलं. आमची छपराची दमणी पुढे, चांद आणि मेहरूनबीची बैलगाडी मागे. साहेब बंगल्यात उतरले, चांद मागच्या तबेल्यात.

हवा लिहून देताना सर्जनसाहेबांनी महिना पाहिला नव्हता. आषाढात चिखलदरा धुक्यात बुडालेला असतो. पहिल्याच सकाळी खिडक्यांतून पांढरं काही आत शिरलं आणि एजंटसाहेब "आग! आग!" ओरडत व्हरांड्यात धावले. मी "धुकं आहे, सर" म्हणत मागे पळालो. ते ऐकेनात. मी पुढे केलेलं अफूचं औषध त्यांनी फेकून दिलं.

तेवढ्यात खानसाम्याला ढकलून चांद घागर घेऊन व्हरांड्यात आला. त्यालाही तो धूरच वाटला होता. त्याने घागर खाली ठेवली, हात बाहेर धुक्यात काढला, तळवा पाहिला आणि तोंडावरून फिरवला. मग साहेबांचा हात धरून तसाच बाहेर नेला.

"साब, धूर ओला नसते."

साहेबांना वऱ्हाडी कळत नव्हती. पण ते आपल्या ओल्या तळव्याकडे बघत राहिले. मग दोघे पायरीवर बसले. चांद रडायला लागला. "गफूर आत होता, साब," एवढंच म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं.

ते ऐकून साहेब म्हणाले, "आवाराच्या फाटकाला कुलूप घालायला मीच सांगितलं होतं."

याचं भाषांतर मी केलं नाही. कुलूप कोणाच्या हुकमाने लागलं ते चांदला आधीच ठाऊक होतं.

रोज सकाळी दोघे तसेच हात बाहेर धरून बसत. महिनाभरात दोघांनाही झोप लागू लागली.

सर्जनसाहेबांनी मोठा रिपोर्ट लिहिला: डोंगरी हवा युरोपियन नर्व्हजना उत्तम मानवते. चांदबद्दल एक ओळ होती: नेटिव्ह मजूर, आपोआप बरा. ती ओळ लिहिताना त्यांना दुसरं सर्टिफिकेट सापडलं.

"हे अक्षर तुझं?"

"हो सर. सही आपली."

माझी बदली अकोल्याला झाली. पाठोपाठ नेटिव्ह रोग्यांसाठी छापील फॉर्म आले. रकाने तीन: नाव, जात, धोकादायक आहे की नाही. रोगाला रकानाच नव्हता. म्हणून नोकरी संपेपर्यंत मी रोग फॉर्मच्या पाठीमागे लिहीत गेलो, आणि हवाही तिथेच लिहून देत गेलो. सही करणारे कागद उलटून पाहत नाहीत.